रुग्णवाहिकेवरच्या माणसानं कमरेला पिस्तूल लावावं का?

रात्रपाळी (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री ११:५०

मी बीएएमएस. आठ वर्षं रुग्णवाहिकेवर आहे, त्यातली सहा कोल्हापूर शहर आणि आसपास. कुठल्या सेवेची गाडी आणि कुठला तळ ते लिहीत नाही, नोकरी आहे. पण प्रश्न मनापासून विचारतोय, तेव्हा उत्तरंही तशीच द्या.

गेल्या महिन्यात रात्री पावणेदोनला सांगली फाट्याच्या अलीकडचा कॉल होता. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या रस्त्याकडेला टायर फुटून उभ्या होत्या. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. दोन पोरं मोटरसायकलवरून थेट उसात घुसलेली. चालवणारा बेशुद्ध, तोंडात रक्त, मानेला मार असावा अशी शंका. मी रस्त्यावर गुडघे टेकून दोन्ही हातांनी त्याची मान धरून बसलो होतो आणि पायलट, म्हणजे आमचा चालक, स्पाइन बोर्ड (जखमीला न हलवता उचलायची फळी) काढायला मागं गेला होता. तेवढ्यात पोराचे मित्र आले, सात-आठ जण. "अर्धा तास झाला फोन करून, आता येताय व्हय?" आम्हाला कॉल मिळाल्यापासून चौदा मिनिटं झाली होती, पण हे त्या वेळी कुणाला सांगणार? ट्रॅक्टरवाला पळून गेलेला. राग काढायला समोर आम्हीच होतो.

तोंडातलं रक्त ओढून काढायचं सक्शन मशीन उचलून आपटलं. पायलटला दोन कानाखाली बसल्या, मग दगड आला. बाजूची काच फुटली आणि त्याच्या भुवईवर सात टाके पडले. माझ्या पाठीत लाथ बसली. मी हात सोडले नाहीत, कारण सोडले असते तर ती मान हलली असती.

थांबवलं ते पलीकडच्या चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्या काकांनी. गाडीच्या मागच्या दारात दोन्ही हात पसरून उभे राहिले. "तुमचंच पोरगं मरंल रं. मारायचं तर आधी मला मारा." पोरं मागं सरली. पोलीस वीस मिनिटांनी आले. पोरगं जगलं, आता वॉकर घेऊन चालतंय.

घरी बायकोनं शर्टावरचं रक्त बघितलं. ती आरडाओरडा करणारी नाही. दोन दिवसांनी शांतपणे म्हणाली, "तुम्ही रिव्हॉल्व्हरचा परवाना काढा." तिच्या माहेरी, राधानगरीकडं, गव्यापासून पीक राखायला बंदूक असायची. तिला शस्त्राचं अप्रूप नाही की भीती नाही. माझा मावसभाऊ टेक्सासमध्ये पॅरामेडिक आहे. तिथं काही जण ड्युटीवर शर्टाखाली पिस्तूल ठेवतात, असं तो सांगतो.

तेव्हापासून हा विचार डोक्यातून जात नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

कसबाबावडेकर | रात्री १२:२०

डॉक्टर, घ्या. डोळे झाकून घ्या. सीमेवरच्याला बंदूक, एटीएमची कॅश नेणाऱ्या गाडीवर बंदूकवाला, आणि माणूस वाचवणाऱ्याच्या हातात काय तर कापूस. एकदा कमरेला हाय म्हणून कळलं की कोण अंगावर येत न्हाई.

---

वकीलवाडा | बुधवार, सकाळी ८:०५

आधी कायदा बघू, म्हणजे पुढची चर्चा हवेत जाणार नाही.

१९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम. परवाना मिळणं हा कुणाचा हक्क नाही. आपल्याकडं अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं जातो, पोलिसांचा अहवाल मागवला जातो आणि जिवाला धोका का आहे ते पटवून द्यावं लागतं. शस्त्र सुरक्षितपणे हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षं झाली आणि एका माणसाला ३ ऐवजी २ च शस्त्रं ठेवता येतात. ९ मिलिमीटर सामान्य नागरिकाला नाही, ०.३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल मिळू शकतं.

तुमच्या कामात अडचण पुढंच आहे. परवाना माणसाच्या नावावर असतो, गाडीच्या नाही. कुणाच्या घरात रुग्ण बघायला वर जाताना "जरा हे धर" म्हणून पायलटच्या हातात दिलं, तर त्याच्याकडं ते विनापरवाना शस्त्र. त्याला कमीत कमी दोन वर्षांची शिक्षा आहे. निवडणूक लागली की आचारसंहितेत परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. म्हणजे ज्या महिन्यात गावोगावी दारू वाहते आणि डोकी फुटतात, त्याच महिन्यात तुमची कंबर रिकामी.

गोळी झाडलीत तर? भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. समोरच्याचा जीव गेला, तर तुम्हाला मृत्यूचं किंवा गंभीर दुखापतीचं रास्त भय होतं हे कोर्टापुढं यावं लागतं. पाठीत लाथ बसली म्हणून गोळी, हे टिकणार नाही. दगड डोक्याच्या दिशेनं येतोय हे टिकू शकतं, पण तोवर दहा वर्षं तारखा.

आणि जो कायदा आपल्याकडं आहेच तो वापरा. वैद्यकीय सेवेतल्या माणसांवरच्या हल्ल्याविरुद्ध महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, अजामीनपात्र, आणि फोडलेल्या वस्तूच्या दुप्पट भरपाई. त्या सक्शन मशीनचीसुद्धा. फिर्याद दिलीत का?

---

रात्रपाळी | सकाळी ९:१०

दिली. पहाटे साडेचारपर्यंत ठाण्यात बसून दिली. चार दिवसांनी मुलाचे वडील घरी आले, पाया पडायला लागले, फिर्याद मागं घ्या म्हणाले. अजून घेतलेली नाही. पण त्यांच्या डोळ्यांत बघून नाही म्हणणं मला अवघड गेलं.

---

पेकोस | सकाळी ११:३०

दादा, मीच तो मावसभाऊ. बाकीच्यांसाठी सांगतो: जन्म इचलकरंजीचा, अमेरिकेत बारा वर्षं, पॅरामेडिक म्हणून सहा.

आमचं गाव लहान आहे. रात्री अख्ख्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखी) शेरीफचे, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचे, दोन-तीन डेप्युटी फिरतात आणि सगळ्यात जवळचा कधी कधी पाऊण तासावर असतो. २०२१ मध्ये टेक्सासनं अशा लहान गावांपुरता आणि कमी लोकवस्तीच्या काउंट्यांपुरता कायदा केला. हँडगनचा परवाना, वेगळं प्रशिक्षण आणि विमा असेल, तर आमच्यासारख्यांना ड्युटीवर पिस्तूल बाळगता येतं. त्याच वर्षाच्या सप्टेंबरपासून इथं सामान्य माणसालाही परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते. त्यामुळं जखमीची पँट कापताना कमरेला पिस्तूल सापडणं नवीन नाही. ते कसं काढून बाजूला ठेवायचं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. पण सगळी अमेरिका अशी नाही. फ्लोरिडानं २०१९ मध्ये परवानगी दिली ती पोलिसांच्या विशेष पथकासोबत जाणाऱ्या वैद्यकीय माणसांना. बाकी बऱ्याच ठिकाणी सेवा चालवणारेच नको म्हणतात.

इथली भीती खोटी नाही. २४ डिसेंबर २०१२ ला न्यूयॉर्क राज्यातल्या वेबस्टरमध्ये एकानं घराला आग लावली आणि विझवायला आलेल्यांवर दबा धरून गोळ्या झाडल्या. दोन अग्निशामक गेले. गेल्या वर्षी, २०२५ च्या एप्रिलमध्ये, कॅन्सस सिटीत रुग्णानं धावत्या गाडीत पॅरामेडिकला भोसकलं. तोही गेला. तीस वर्षांचाही नव्हता.

मी बाळगतो. दीड वर्ष झालं. एकदाही बाहेर काढलेलं नाही.

पण दादा, तुला फोनवर जे सांगितलं नाही ते इथं लिहितो. ते उजव्या कमरेला असतं, म्हणून मी रुग्णावर नेहमी डाव्या अंगानं वाकतो. उजवं कोपर पिस्तुलावर दाबून ठेवायची शिकवण आहे, कुणी हिसकावू नये म्हणून. शीर शोधताना माझं अर्धं लक्ष त्या कोपरावर असतं. पूर्वी पहिल्या टोचणीत सुई लागायची. आता दोनदा टोचावं लागतं तेव्हा मला कारण माहीत असतं.

---

सिस्टर_अपघात_विभाग | दुपारी ३:४५

सतरा वर्षं अपघात विभागात आहे. अंगावर येणारे दोन प्रकारचे असतात. एक रुग्ण, एक नातेवाईक. आपण इथं दोघांना एकाच मापानं मोजतोय.

परवाची गोष्ट सांगते. पन्नाशीचा गडी, पहिलवानी अंग, चौघांनी धरून आणलेला. शिव्या, लाथा, आमच्या वॉर्डबॉय मामांचा हात पिरगाळला. दारू प्यालाय म्हणून सगळे ओरडत होते. बोटाला टोचून बघितलं तर शुगर २८. सकाळी इन्सुलिन घेतलेलं आणि जेवण राहिलेलं. हात दाबून धरून शिरेतून पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज दिलं. बाटली निम्मी संपली नाही तोवर उठून बसला आणि म्हणाला, "ताई, मी हितं कसा आलो?" मामांचा हात सुजलेला बघून रडायला लागला.

डोक्याला मार लागलेला असाच वागतो. शेतावरचं विषारी औषध प्यालेल्याला ॲट्रोपिन, म्हणजे त्यावरचा उतारा, चढलं की तोही असाच हात झटकतो. दारू अचानक सुटलेला तर भिंतीवरच्या किड्यांशी भांडतो. यातला कुणीही गुन्हेगार नाही. आणि ही माणसं गाडीत तुमच्यापासून हातभर अंतरावर झोपलेली असतात. त्यांच्या हाताच्या टप्प्यात भरलेलं पिस्तूल? डॉक्टर, मला विचारानंच घाम येतो.

आणखी एक. २०२३ मध्ये ब्राझीलमध्ये एक जण आईला घेऊन एमआरआयला गेला. कमरेला लपवलेलं पिस्तूल होतं, त्यानं सांगितलं नाही. चुंबकानं ते ओढलं, गोळी सुटली, पोटात लागली आणि तो गेला. तुम्ही रुग्ण घेऊन किती वेळा स्कॅनच्या दारापर्यंत धावत येता, ते मी रोज बघते.

---

कसबाबावडेकर | दुपारी ४:१५

सिस्टर, रुग्णाचं पटलं. पण दगड मारणारी पोरं काय शुगर कमी झालेली नव्हती. त्यांचं काय करायचं ते सांगा. मार खात बसायचं?

---

घाटवाट | रात्री १०:३०

मी बीएचएमएस, बाई आहे, शाहूवाडी तालुक्याच्या बाजूला रुग्णवाहिकेवर आहे. आंब्याच्या घाटाकडून रात्री पेशंट घेऊन कोल्हापूरला यायचं म्हणजे मधे मोबाइलची रेंज जाते. गाडीत मी, पुढं पायलट, मागं रुग्ण आणि त्याच्यासोबत जो कोणी असेल तो.

एकदा बाळंतीण होती. कळा सुरू, आणि दीर दारू पिऊन सोबत चढला. नको म्हटलं तर दारालाच लटकला. मलकापूर ते बांबवडे, तेवढ्या वाटेत तो माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसला होता. मी त्या बाईच्या पोटावर हात ठेवून कळा मोजत होते आणि दुसऱ्या हातात कात्री धरली होती. नाळ कापायची कात्री. त्या रात्री मला कुणी पिस्तूल दिलं असतं तर मी घेतलं असतं. खरं तेच लिहिते.

कायदा, एमआरआय, सगळं वाचलं. पटतंही. पण ज्यांच्या मांडीला असा गुडघा लागलेला नाही, त्यांनी "नको" हा शब्द जरा हळू म्हणावा.

---

सैनिकटाकळीकर | गुरुवार, सकाळी ६:१०

घाटवाट ताई, तुमचं वाचून रात्री झोप आली नाही.

मी आर्मी मेडिकल कोअरमधून निवृत्त. बावीस वर्षं नर्सिंग असिस्टंट, ट्रेनिंग लखनौचं. आम्हाला हत्यार असायचं. बऱ्याच जणांना वाटतं की रेडक्रॉस लावलेल्याला हत्यार चालत नाही. तसं नाही. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारात कलम २२ आहे: वैद्यकीय माणसं स्वतःच्या आणि आपल्या ताब्यातल्या जखमींच्या बचावासाठी हत्यार बाळगू शकतात, त्यानं त्यांचं संरक्षण जात नाही. तेव्हा "डॉक्टरच्या हातात बंदूक शोभत नाही" हे कारण मला मान्य नाही.

पण आमचं हत्यार कसं होतं ते ऐका. ड्युटीवर जाताना कोतमधून, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारातून, सही करून घ्यायचं, आल्यावर गोळ्या मोजून जमा करायचं. एक गोळी कमी भरली तर अख्खी पलटण शोधायला लागते. साफसफाई रोज, फायरिंग ठरल्या वेळी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्ट्रेचर उचललं की दोन्ही हात गेले, मग राखायला दुसरा जवान असायचा. जो जखमीला हात लावतो तो त्या वेळी लढत नाही. डॉक्टर, तुम्ही मान धरून बसला होता. पिस्तूल असतं तर कुठल्या हातानं काढलं असतं?

अंतराचंही सांगतो. पोलिसांच्या शिकवणीत एक हिशोब असतो, अमेरिकेतल्या ट्युलर नावाच्या अधिकाऱ्यानं १९८३ मध्ये मांडलेला. सुरा घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. तेवढ्या वेळात तयारीच्या माणसालाही हत्यार काढून नेम धरणं मुश्किल. तुमच्या गाडीचा मागचा भाग केवढा? दहा फूटही नसेल. ताईंच्या बाबतीत तर अंतरच नव्हतं.

ताई, त्या रात्री तुमच्याजवळ पिस्तूल नसावं, दुसरा माणूस असावा, असं मला वाटतं. रात्रीच्या घाटातल्या फेरीला बाई डॉक्टरसोबत तिसरी व्यक्ती, शक्यतो आशाताई किंवा मदतनीस. हे मागितलंच पाहिजे.

---

स्टिअरिंग_राजारामपुरी | सकाळी १०:४०

नमस्कार. मी पायलट आहे. धाग्यातला नाही, दुसऱ्या गाडीवरचा. मोबाइलवर टाइप करतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

सगळे डॉक्टरांचं बोलतात. दगड पहिला येतो तो पुढच्या काचेवर. गाडी पोचली की खाली उतरणारा पहिला मी, शिव्या खाणारा पहिला मी. २०१० च्या कायद्यात डॉक्टर, नर्स, विद्यार्थी, पॅरामेडिकल कर्मचारी असं लिहिलंय. त्यात चालकाचं नाव वेगळं नाही. ठाण्यात साहेब विचारतात, तू नक्की कोण? काय सांगायचं?

पिस्तुलाचं म्हणाल तर मला नको. चावी माझ्याकडं आहे, तेच माझं हत्यार. दोन वर्षांपूर्वी एका पेठेत मारामारीचा कॉल होता. रात्रीचे अकरा, गल्लीत शंभर-दीडशे माणूस, काठ्या चालू. मी गल्लीच्या तोंडाला गाडी उलटी लावली, तोंड मोठ्या रस्त्याकडं. डॉक्टर म्हणाले आत घे. मी म्हटलं, आत गेलो तर बाहेर येणार नाही, जखमीला इथवर आणूदे. त्या पेठेतल्या तालमीच्या पोरांनी खाटेवर घालून दोन जखमी आणून दिले आणि आम्ही निघालो. आत गेलो असतो तर गाडी जाळली असती. नंतर त्याबद्दल मला लेखी खुलासा द्यावा लागला, जागेवर का गेला नाहीत म्हणून.

मला एकच पाहिजे. "धोका आहे, मी इथं थांबतो" म्हणायचा अधिकार. आणि त्याबद्दल खुलासा मागायचा नाही.

---

पेकोस | दुपारी १२:१५

पायलट दादा, तुम्ही जे केलं त्याला आमच्याकडं नाव आहे आणि नियमही आहे: स्टेजिंग. गोळीबार, मारामारी, घरात भांडण, जीव द्यायला निघालेला माणूस, असा कॉल आला की आम्ही एक-दोन चौक अलीकडं दिवे बंद करून थांबतो. पोलीस जागेवर जाऊन "सुरक्षित" म्हणाले की मगच आत. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी शिकवतात, रुग्णाजवळ जाण्याआधी मोठ्यानं विचारायचं: जागा सुरक्षित आहे का? परीक्षेत हा प्रश्न विसरला तर नापास.

हा धागा वाचताना माझ्या लक्षात आलं, की या सहा वर्षांत मला ज्यानं वाचवलं असेल ते हे थांबणं. पिस्तुलानं एकदाही नाही.

इंग्लंडमध्ये रुग्णवाहिकेवरची माणसं बिनहत्यारी आहेत. त्यांनी छातीवर कॅमेरे लावले, काहींना सुऱ्यापासून वाचवणारी जाकिटं दिली, आणि २०१८ मध्ये आपत्कालीन सेवकांवरच्या हल्ल्याची शिक्षा दुप्पट केली.

---

सिस्टर_अपघात_विभाग | दुपारी १:००

थांबणं पटतं, पण इथं एक अडचण आहे. तिकडं पोलीस आधी पोचायचे असं ठरलेलं असतं. इथं महामार्गावर सगळ्यांच्या आधी रुग्णवाहिकाच पोचते. गाडी शंभर पावलांवर दिवे बंद करून उभी आणि पोरगं रस्त्यावर रक्तात, हे लोकांना दिसलं तर दगड जास्तच पडतील.

---

बिल्ला_नंबर | रात्री ८:२०

निवृत्त हवालदार आहे. तीस वर्षांत करवीर, लक्ष्मीपुरी, शहरातली बरीच ठाणी झाली. कमरेला हत्यार घेऊन निम्मं आयुष्य गेलं, म्हणून लिहितो.

बावडेकर, तुम्ही म्हणता हत्यार दिसलं की माणूस अंगावर येत नाही. एकटा येत नाही, खरं आहे. घोळक्याचं तसं नसतं. मागचा माणूस पुढच्याला ढकलतो आणि पुढच्याला मागं सरायला जागा नसते. विसर्जनाच्या बंदोबस्तात आमच्यातल्या कित्येकांचा हात गर्दीत सारखा होल्स्टरवर असायचा, कुणी ओढू नये म्हणून. शिवाय तुम्ही तर लपवून ठेवणार. लपवलेलं दिसत नाही, म्हणजे त्याचा धाक नाही. धाक पाहिजे तर बाहेर काढलं पाहिजे, आणि बाहेर काढलं की पुढची पायरी एकच उरते.

सिस्टरांचं म्हणणं खरं आहे. महामार्गावर थांबून चालणार नाही. पण मारामारीच्या आणि दारूच्या कॉलला चालतं. फोन घेणाऱ्यानं तेव्हाच दोन प्रश्न विचारायचे: भांडण चालू आहे का? जमाव आहे का? हो म्हटलं की त्याच क्षणी ११२ वर पोलिसांना कळवायचं आणि दोन्ही गाड्या एकदम निघायच्या. डॉक्टरांकडं पोलीस वीस मिनिटांनी आले, कारण त्यांना मार बसायला लागल्यावर कुणीतरी कळवलं. पहिल्या फोनलाच कळवलं असतं तर ते त्यांच्यासोबतच पोचले असते.

आणि पायलटनं तालमीच्या पोरांचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं. शहरात पोलीस पोचायच्या आधी पेठेत शब्द चालतो तो तालमीतल्या वडीलधाऱ्यांचा. बंदोबस्तात आम्ही तेच करायचो, दोन जाणती माणसं पुढं घालायचो. सांगली फाट्यावर चहाच्या टपरीवाल्यांनी जे केलं ते तेच.

---

कसबाबावडेकर | रात्री ९:०५

हवालदार साहेब, मागचा पुढच्याला ढकलतो हे खरं हाय. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मी पुढं होतो, मला माहीत हाय. माझं म्हणणं मागं घेतो. पिस्तूल नको.

पण मग डॉक्टरांच्या मागं आपण उभं ऱ्हायला पाहिजे. बावड्यात गाडी आली आणि कुणी हात उगारला, तर माझा नंबर डॉक्टरांनी घेऊन ठेवावा. मी आणि आमच्या तालमीची दहा पोरं पाच मिनिटांत येतो.

---

घाटवाट | रात्री ९:४०

सैनिकटाकळीकर काका, तिसऱ्या व्यक्तीची मागणी मी आज लेखी दिली. सोबत लिहिलं की नातेवाईक एकच घ्यायचा आणि तो पुढं पायलटशेजारी बसेल, मागं नाही. अपवाद लहान मूल आणि त्याची आई. हे गाडीच्या दारावर मोठ्या अक्षरांत रंगवून मिळावं, असंही मागितलंय. तोंडी सांगितलं की भांडण होतं. दारावर लिहिलेलं असलं की बोट दाखवता येतं.

पिस्तूल घेतलं असतं असं मी लिहिलं, ते अजून खोडत नाही. पण त्या बाळंतिणीचं मूल बांबवड्याच्या पुढं गाडीतच झालं. तेव्हा मला दोन्ही हात लागले होते.

---

रात्रपाळी | शुक्रवार, पहाटे ५:३०

आत्ता ड्युटी संपवून आलो. सगळं वाचलं, बायकोलाही वाचून दाखवलं. सैनिकटाकळीकर काकांच्या प्रश्नावर ती थांबली: कुठल्या हातानं काढलं असतं? ती म्हणाली, "तुम्ही मान सोडली नसती." हो, सोडली नसती.

परवान्याचा अर्ज करणार नाही.

मी आणि माझा पायलट मिळून आज पत्र देतोय. त्यात चार गोष्टी आहेत. मारामारीच्या कॉलला पोलीस सोबत निघावेत. पायलटला थांबायचा अधिकार असावा आणि त्याबद्दल खुलासा मागू नये. गाडीच्या आत आणि पुढं कॅमेरा असावा. आणि चालकाचं नाव २०१० च्या कायद्यात यावं, म्हणून वरपर्यंत शिफारस जावी. वकीलवाडा, शेवटच्याचा मसुदा बघाल का? हवालदार साहेब, फोन घेणाऱ्यानं विचारायचे ते दोन प्रश्न तुमच्याच शब्दांत घातलेत.

फिर्याद ठेवलीय. त्या मुलाच्या वडिलांना परवा भेटलो आणि सांगितलं, माझ्या पाठीतल्या लाथेचं मी विसरलो, पण भुवईवर सात टाके माझ्या पायलटला पडलेत, त्याचं माफ करणं माझ्या हातात नाही. ते पायलटच्या घरी गेले. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

टपरीवाल्या काकांकडं जाऊन आलो. चहाचे पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "त्या ट्रॉलीला मागं काय तरी चमकणारं असतं तर तुम्हाला यायलाच लागलं नसतं."

---

वकीलवाडा | सकाळी ७:५०

मसुदा पाठवा. संध्याकाळपर्यंत बघून देतो.

---

उसाचा_फड | सकाळी ८:३०

डॉक्टर, मी तीन दिवस वाचतोय, लिहायचं धाडस होत नव्हतं. मी शिरोळ तालुक्यातला. माझा ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला आहे. ती ट्रॉली माझी नव्हे, पण माझी असू शकली असती. हंगामात दिवसाला दोन खेपा, रात्री झोप नाही. मागचा दिवा उसाच्या वाड्यांनी झाकला जातो किंवा वायर तुटते, आणि कुणी बघत नाही. टायर फुटला की मागं दगड ठेवून माणूस पंक्चरवाल्याला शोधायला जातो. अंधारात काय दिसणार?

काल आमच्या टोळीच्या मुकादमाशी बोललो. आम्ही चौदा ट्रॉल्या आहोत. लाल-पांढऱ्या चमकणाऱ्या पट्टीचं एक बंडल जयसिंगपुरातून आणलंय. आज खेप रिकामी झाली की कारखान्याच्या गेटावरच मागच्या फळीला आणि दोन्ही बाजूंना लावून घेतो. ऊस भरला की वरची झाकली जाते, म्हणून खालच्या लोखंडी पाटीवरही एक आडवी लावतोय. रांगेत पुढं-मागं दुसऱ्या टोळ्यांच्या गाड्या असतात. पट्टी उरली तर त्यांनाही देतो.